शालेय सुरक्षितता : मुख्याध्यापकांचे पर्यवेक्षण आणि संवाद

शाळेची सुरक्षितता म्हणजे भिंत, फाटक व पहारेकरी, असा समज रूढ आहे. परंतु भिंतीच्या आत घडणाऱ्या अनिष्टापुढे भिंत निरुपयोगी ठरते. तेथे उपयोगी पडते ती मुख्याध्यापकांची देखरेख व त्यांच्यापर्यंत निर्भयपणे पोहोचणारी वार्ता. या दोहोंचा परस्परसंबंध दर्शविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

ऑगस्ट २०२४ मधील बदलापूर (जि. ठाणे) येथील प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. एका शाळेतील बालवर्गाच्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. २० ऑगस्टला क्षुब्ध नागरिकांनी रेल्वे रोखून धरली. पाठोपाठ मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळेने पोलिसांस वेळीच कळविले नाही, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. वस्तुतः लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम १९ नुसार असे कळविणे बंधनकारक आहे. हाताखालील व्यक्तीचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम २१ अन्वये एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

त्याच महिन्यात निघालेल्या शासननिर्णयाने सीसीटीव्ही कॅमेरे, तक्रारपेटी व कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी यांवर भर दिला. ही साधने आवश्यक खरी. तथापि त्यांची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. कॅमेरा घडलेले टिपतो. ते पाहणारा कोणी नसेल, तर टिपलेले व्यर्थ होय. बालवर्गातील मूल तर चिठ्ठी लिहून पेटीत टाकू शकत नाही. त्याची तक्रार म्हणजे शाळेत जाण्यास नकार, अकारण रडणे किंवा मौन. ती प्रथम आईला अथवा वर्गशिक्षिकेला जाणवते. तेथून मुख्याध्यापकांपर्यंतची वाट मोकळी असणे, हाच सुरक्षिततेचा पाया होय.

दिघीसारख्या वस्तीत ही वाट अधिक दुर्गम असते. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या या गावाशेजारी भोसरीचे कारखाने आहेत. पलीकडे चाकणची औद्योगिक वसाहत आहे. पाळीवर जाणाऱ्या मातापित्यांस दुपारची पालकसभा गाठता येत नाही. परप्रांतीय कुटुंबांस भाषेचीही अडचण भासते. अशा ठिकाणी भेटीची वेळ पाळ्यांस अनुरूप ठेवणे, पालकांस समजेल अशा भाषेत बोलणे व तक्रारीचे पुढे काय झाले हे तक्रारदारास कळविणे, ही मुख्याध्यापकांची कर्तव्ये ठरतात. उत्तर न मिळालेला पालक पुन्हा येत नाही. मग तक्रारपेटी रिकामी राहते, आणि रिकामी पेटी हाच सुरक्षिततेचा पुरावा मानला जातो.