तुणतुण्याला शिक्षक हवा
बालालाइका हे रशियाचे त्रिकोणी, तीन तारांचे लोकवाद्य. एकोणिसाव्या शतकात ते मागे पडत चालले असता वासिली आंद्रेयेव्ह यांनी कारागिरांकडून ते नव्याने घडवून घेतले, पडदे पक्के केले आणि १८८८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आपल्या वादकमंडळाचा पहिला जाहीर कार्यक्रम केला. त्याहून मोलाचे काम पुढचे. त्यांनी सैनिकांसाठी या वाद्याचे वर्ग चालवले. तीनपैकी दोन तारा एकाच स्वरात लागत असल्याने नवशिक्यालाही ते लवकर साधे. सेवा संपवून परतणाऱ्या सैनिकांबरोबर बालालाइका पुन्हा खेड्यांत पोहोचली.

आपल्याकडे तुणतुण्याला असे वर्ग लाभले नाहीत. वाशीम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावांच्या परिसरात माहूरच्या रेणुकेचा गोंधळ घातला जातो, तेव्हा संबळाच्या जोडीला तुणतुणे असते. लाकडी नळकांडे, तळाला चामडे, बाजूला दांडी आणि खुंटीला ताणलेली एकच तार, एवढाच त्याचा संसार. मुलगा वडिलांमागे उभा राहून ते शिकतो. तो नोकरीसाठी शहरात गेला, की परंपरा खंडित होते. कंटाळवाण्या बोलण्याला आपण 'तुणतुणे' म्हणतो, हा त्या वाद्यावर अन्यायच. गोंधळी त्या एका तारेवर स्वर आणि लय दोन्ही सांभाळतो.