मेंदूसारखं शिकू पाहणारं सॉफ्टवेअर : कच्चं असतानाच लोकांच्या हाती का दिलं?



कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आता प्रशिक्षणातही ऐकू येतो आणि पालकसभेतही. पण 'मशीन शिकते' म्हणजे नेमकं काय करते, असं कुणी विचारलं की आपण जरा गप्प होतो. आज एका सॉफ्टवेअरची माहिती देते. ते फार गाजलं नाही. तरीही वर्गात वापरता येईल असं त्यात बरंच आहे, गाजलेल्यांपेक्षा जास्तच, असं माझं मत आहे.

जेफ हॉकिन्स हे अमेरिकन इंजिनिअर. 1996 साली बाजारात आलेला 'पाम पायलट' हा हातात मावणारा छोटा संगणक त्यांचाच. पण त्यांचं खरं वेड मेंदूचं. 2004 मध्ये त्यांनी सँड्रा ब्लेकस्ली यांच्यासोबत 'ऑन इंटेलिजन्स' हे पुस्तक लिहिलं आणि 2005 मध्ये डॉना डुबिन्स्की व दिलीप जॉर्ज यांच्याबरोबर 'न्यूमेंटा' ही कंपनी काढली. यातले दिलीप जॉर्ज आपल्या पवईच्या आयआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन स्टॅनफर्डला गेलेले. मुलांना हे जरूर सांगा.

2007 साली न्यूमेंटाने आपलं 'न्यूपिक' हे सॉफ्टवेअर बाहेरच्या प्रोग्रामरांना प्रयोगासाठी खुलं केलं. ते तयार उत्पादन नव्हतं. बटण दाबलं आणि काम झालं असा प्रकार नाही. पायथन भाषेत स्वतः प्रोग्राम लिहा, स्वतःची माहिती भरा आणि काय होतं ते बघा, असं ते आमंत्रण होतं.

आता प्रश्न असा, की इतकं कच्चं असताना ते का दिलं? भज्यांचा पहिला घाणा काढून आपण चव बघतो, तेवढंच हे आहे का? नाही. भजी करणाऱ्याला भजी करायची आहेत हे माहीत असतं. इथे कारण वेगळं होतं आणि ते मेंदूच्या रचनेतच होतं.

आपल्या मेंदूचा बाहेरचा, सुरकुत्या पडलेला थर म्हणजे नवबाह्यक. त्याचा एक भाग पाहण्याचं काम करतो, दुसरा ऐकण्याचं, तिसरा स्पर्शाचं. व्हर्नन माउंटकॅसल या शास्त्रज्ञांनी 1978 मध्ये मांडलं, की कामं वेगळी असली तरी या सगळ्या भागांची बांधणी जवळपास एकसारखी आहे, म्हणजे आतली शिकण्याची पद्धतही एकच असावी. हॉकिन्स यांचा सगळा डोलारा याच कल्पनेवर उभा आहे. आता बघा, पद्धत खरंच एक असेल तर तीच पद्धत चित्रांवर चालली पाहिजे, आवाजावर चालली पाहिजे आणि वीजबिलाच्या आकड्यांवरही. एका ऑफिसातली मोजकी माणसं किती विषय तपासणार? म्हणून आपापल्या क्षेत्रातली माहिती घेऊन येणारे अनोळखी लोक हवे होते. माझ्या मते लोकांना बोलावणं हीच त्या सिद्धांताची परीक्षा होती.

सुरुवातीच्या प्रयोगांत चित्रं अगदी साधी असत. 32 गुणिले 32 चौकटींच्या कागदावर काढल्यासारखी काळी-पांढरी रेषाचित्रं. (चौकटीच्या वहीत मुलांकडून काढून घ्या, 1024 चौकटींत कुत्रा काढणं किती कठीण आहे ते कळतं!) चित्र स्थिर दाखवण्याऐवजी ते सरकवत दाखवायचे. कारण मेंदूला जग एकापाठोपाठ एक असं मिळतं. कशानंतर काय येतं हे लक्षात राहणं म्हणजेच शिकणं, आणि पुढचं काय येईल याचा अंदाज बांधणं म्हणजे समजणं, हा या सगळ्याचा गाभा.

आपल्याला हे नवीन नाही. मुलाला 'सात आठे किती?' विचारा. पुष्कळ मुलं मनातल्या मनात सात एके सातपासून गाडी सुरू करतात आणि छप्पन्नवर येऊन थांबतात. आपण त्याला कच्चं पाठांतर म्हणतो. पण स्मरण क्रमाने साठतं, याचाच तो पुरावा आहे.

पण क्रम लक्षात ठेवण्यात एक मोठी अडचण आहे. ती समजवायला मी मेट्रो घेते. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या ऑरेंज लाईनवर दक्षिणेकडून येताना राहाटे कॉलनी, काँग्रेस नगर, सीताबर्डी, झिरो माईल, कस्तुरचंद पार्क अशी स्टेशनं ओळीने लागतात. आता फक्त 'सीताबर्डी' एवढंच ऐकलं तर पुढचं स्टेशन कोणतं? सांगता येत नाही. काँग्रेस नगरकडून आलो असू तर झिरो माईल, आणि झिरो माईलकडून आलो असू तर काँग्रेस नगर. म्हणजे स्टेशन तेच, पण मागचा संदर्भ बदलला की पुढचा अंदाज बदलतो. 'पाणी' शब्दाचंही तेच. 'डोळ्यात' नंतरचं पाणी वेगळं आणि 'माठात' नंतरचं वेगळं.

न्यूपिकच्या पुढच्या आवृत्तीने यावर जो मार्ग काढला तो मी चौथीच्या वर्गात खेळून घेतला. दहा मुलं लागतात. प्रत्येक स्टेशनला दोन मुलं, एक जाणाऱ्या गाडीचं आणि एक येणाऱ्या गाडीचं. प्रत्येक मुलाने एकच गोष्ट लक्षात ठेवायची : 'माझ्या आधी कोण उभं राहतं?' तो मुलगा उभा राहिला की आपण हात वर करून तयार राहायचं. मग मी स्टेशनचं नाव पुकारते. त्या स्टेशनच्या दोघांपैकी ज्याचा हात वर आहे तोच उभा राहतो, दुसरा बसून राहतो. कुणाचाच हात वर नसेल तर मात्र दोघंही उभे राहतात.

मी एकदम मधूनच 'सीताबर्डी' पुकारलं. दोघं उभे राहिले आणि त्यामुळे काँग्रेस नगर आणि झिरो माईल दोन्हीकडे एकेक हात वर गेला. म्हणजे वर्ग म्हणतोय, 'दोन्ही शक्य आहे.' मग मी 'झिरो माईल' म्हटलं आणि गाडीची दिशा पक्की झाली. त्यानंतर मुद्दाम कस्तुरचंद पार्क सोडून 'राहाटे कॉलनी' म्हटलं. कुणाचा हात वर नव्हता, दोघंही धडपडत उठले आणि वर्गभर हसू. ही जी गडबड झाली तीच मशीनच्या दृष्टीने 'आश्चर्य'.

खेळ संपल्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माह्यानंतर कोण उभं रायते ते मले माहीतच नोहतं, तरी गाडी बरोबर गेली." मेंदूच्या पेशीबद्दल याहून नेमकं वाक्य मला सुचलं नसतं. पूर्ण मार्ग एकाही मुलाला माहीत नसतो, तो वर्गाला माहीत असतो.

प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमध्ये हे बरंच मोठं असतं. सर्वसाधारणपणे पेशींचे 2048 स्तंभ, आणि त्यातले एका वेळी जागे फक्त 40 च्या आसपास, म्हणजे सुमारे 2 टक्के. इतके थोडेच दिवे लागतात म्हणून दोन वेगळ्या गोष्टींचे दिवे सहसा एकमेकांत मिसळत नाहीत आणि दोनचार विझले तरी ओळख पटते.

याचा उपयोग कुठे झाला? मुख्यतः 'काहीतरी वेगळं घडतंय' हे पकडायला. न्यूपिकसोबत येणारं एक प्रसिद्ध उदाहरण व्यायामशाळेच्या तासागणिक वीजवापराचं आहे. 2015 मध्ये न्यूमेंटाने अशा तपासणीसाठी माहितीसंच जाहीर केले, त्यात न्यूयॉर्कच्या टॅक्सी प्रवाशांची दर अर्ध्या तासाची मोजणी आहे. तिथले वेगळे दिवस कोणते? मॅरेथॉन, नाताळ, नवीन वर्ष, बर्फाचं वादळ. आपल्याकडे अशी मोजणी केली तर मारबतीचा दिवस आणि दीक्षाभूमीचा दसरा उठून दिसतील, वेगळं सांगायला नको.

आता खरं तेही सांगायला हवं. या वाटेने गेलेलं सॉफ्टवेअर शर्यतीत मागे राहिलं. 2012 मध्ये चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत 'डीप लर्निंग'ने मोठी आघाडी घेतली. आज मोबाईलवर आपण जे वापरतो ते बहुतांश त्याच घराण्यातलं आहे. त्याला लाखो उदाहरणं आणि प्रचंड वीज लागते, पण काम होतं. न्यूमेंटाने 2013 मध्ये न्यूपिकचा कोड सगळ्यांसाठी मोफत खुला केला. दिलीप जॉर्ज त्याआधीच, 2010 मध्ये, बाहेर पडून 'विकॅरियस' या नव्या कंपनीचे सहसंस्थापक झाले होते. त्यांच्या गटाने 2017 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं, की वेबसाईटवर 'तुम्ही माणूसच आहात ना' हे तपासणारी वाकडीतिकडी अक्षरं त्यांची पद्धत फार थोड्या उदाहरणांवरून ओळखते. हॉकिन्स यांनीही सोडलेलं नाही. 2024 मध्ये 'थाउजंड ब्रेन्स' प्रकल्पाचा कोड पुन्हा असाच, अपूर्ण अवस्थेत, सगळ्यांसाठी ठेवला आहे. त्याचं नाव 'माँटी', माउंटकॅसल यांच्यावरूनच ठेवलेलं.

थोड्या उदाहरणांवरून शिकणं, हा प्रश्न माझ्या मते अजून सुटलेला नाही. अंगणवाडीतलं मूल दोनचार मांजरी पाहून पाचवी ओळखतं. ते कसं, हे रोज जवळून बघणारे आपण आहोत. म्हणून हा विषय फक्त इंजिनिअरांचा आहे असं मला वाटत नाही.

शाळेत कॉम्प्युटर बंद असला तरी एक प्रयोग करता येतो. भिंतीवर तक्ता लावा. रोज घरी जाताना मुलांनी उद्याची पटावरची हजेरी किती असेल तो अंदाज लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी खरा आकडा शेजारी. अंदाज का बांधला तेही एका ओळीत. आमच्या वर्गात पहिल्या आठवड्यात सगळे कालचाच आकडा उतरवत होते. तिसऱ्या आठवड्यात एकाने लिहिलं, "उद्या बाजार हाय, चार कमी." तक्ता अजून चालू आहे. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोण काय लिहितं, ते बघायचं आहे.