लाल गोळी आणि सहा महिने

गेल्या पावसाळ्यात शाळा सुटल्यावर नववीतली एक मुलगी आमच्यापाशी घुटमळली. पोलादपूरकडच्या गावातून एसटीने महाडला येणारी. हळूच म्हणाली, ‘‘टीचर, अम्मीची लघवी लाल होते. रक्त जातंय म्हणून तिनं गोळ्या बंद केल्यात. कुणाला सांगू नका.’’

अम्मीला क्षयरोग होता. दीड महिन्यात खोकला थांबला, ताप उतरला आणि रंग पाहून भीती बसली. घरात मोठ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू. आजाराचे नावही काढायचे नाही, असे ठरलेले.

रविवारी आम्ही घरी गेलो. सांगितले, ‘‘भाभी, हे रक्त नाही. रिफॅम्पिसिन या गोळीचाच हा रंग. लघवीत, घामात, अश्रूंतही उतरतो.’’

महाडकरांना रसायन म्हटले की एमआयडीसीचा वास आठवतो. पण ही गोळीही रसायनच. अल्डिहाइड किंवा कीटोन आणि हायड्राझीनच्या कुळातला पदार्थ एकत्र आले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि कार्बन-नायट्रोजन-नायट्रोजन अशी साखळी जुळते. तिला हायड्राझोन म्हणतात. रिफॅम्पिसिनमध्ये हीच साखळी आहे.

प्रयोगशाळेत असे नवे पदार्थ बहुधा अल्कोहोलमध्ये गरम करून बनवतात. सावकाश थंड केले की, पाकात खडीसाखर धरावी तसे स्फटिक धरतात. त्यांच्यातून क्ष-किरण सोडले की कोणता अणू कुठे बसला आहे ते कळते. मग जंतू वाढवलेल्या बशीत पदार्थ ठेवतात. भोवती जंतू नसलेले स्वच्छ वर्तुळ दिसले तर आशा. पण बशीतल्या वर्तुळापासून औषधापर्यंतची वाट फार लांब असते. आयसोनियाझिड हे क्षयाचे दुसरे औषध 1912 मध्ये प्रागला तयार झाले. क्षयावरचा त्याचा गुण कळायला 1952 उजाडले! रिफॅम्पिसिन जंतूला कसे रोखते, म्हणजे त्याच्या आरएनए बनवणाऱ्या यंत्रणेची वाट कसे अडवते, हे 2001 मध्ये स्फटिकरचनेवरूनच स्पष्ट दिसले.

गंमत अशी की, पोटातल्या आम्लात रिफॅम्पिसिनचा काही भाग तुटतो आणि आयसोनियाझिडला चिकटून नवाच हायड्राझोन बनतो. तेवढे औषध वाया जाते. म्हणून एकत्र गोळीचा दर्जा महत्त्वाचा. मनाने दुकानातून सुट्या गोळ्या आणू नयेत. गोळी केव्हा घ्यायची आणि रमजानमध्ये काय करायचे, हे डॉक्टरांनाच विचारावे.

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा : दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. खोकला थांबला तरी चिवट जंतू शिल्लक असतात. मध्येच गोळ्या सोडल्या तर तेच वाढतात, औषधाला दाद देईनासे होतात आणि घरच्यांनाही लागू शकतात. सरकारी केंद्रात औषध मोफत मिळते. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1000 रुपये मिळतात.

दुसऱ्या दिवशी अम्मी आरोग्य केंद्रात गेली. खंड पडल्यामुळे डॉक्टरांनी थुंकी पुन्हा तपासली आणि उपचार पुढे सुरू केले. लग्नाची बोलणी मोडली नाहीत; विहीणबाईंना अम्मीने स्वतःच सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘लपवलं असतंत तर वाईट वाटलं असतं.’’

आपल्या घरात कुणी गोळी उशीखाली लपवत असेल, तर आज त्याच्याजवळ बसा.