पडद्यावरचे धर्मशिक्षण

धर्मशिक्षण म्हणजे केवळ पाठांतर नव्हे; ते वळण होय. ग्रंथ कंठस्थ झाला, पण जिभेवर ताबा आला नाही, तर विद्येचे चीज झाले असे कोणताही धर्म म्हणणार नाही. मोबाइलवरून धर्म शिकणाऱ्या मुस्लिम तरुणांचा प्रश्न आज इंडोनेशियात ऐरणीवर आहे, आणि तो आपणही समजून घेण्याजोगा आहे.

त्या देशात 'पेसांत्रेन' या निवासी धर्मशाळांची जुनी परंपरा आहे. तेथील गुरूला, म्हणजे 'कियाई'ला, जावामध्ये मोठा मान असतो. 'सोरोगान' पद्धतीत विद्यार्थी एकेकटा गुरूसमोर बसून ग्रंथ वाचतो आणि गुरू त्याची चूक तेथल्या तेथे दुरुस्त करतो. हे ज्ञान कोणाकडून कोणाकडे आले, याची गुरुपरंपराही सांगितली जाते. गुरुमुखातून विद्या घेण्याचा हा संस्कार आपणांस परका वाटू नये.

मोबाइलने ही साखळी सैल केली. कुराणाचे पठण, अर्थ, नमाजाच्या वेळा सारे हाताशी आले, ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. दूर खेड्यातील मुलीला किंवा कारखान्यातील कामगाराला पूर्वी जे दुर्लभ होते, ते आता सुलभ झाले. परंतु ज्या पडद्यावर प्रवचन येते, त्याच पडद्यावर अफवा आणि विद्वेषही येतो. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने 2017 मध्ये समाजमाध्यमांतील वर्तनाविषयी फतवा काढून निंदा, चहाडी आणि खोट्या बातम्यांचा प्रसार निषिद्ध ठरविला. त्याच वर्षी विद्वेष पसरविणारी 'सारासेन' नामक टोळी तेथील पोलिसांनी उघडकीस आणली. रोग किती खोल गेला होता, हे यावरून ध्यानात यावे.

तथापि सारा दोष यंत्राच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. मे 2018 मध्ये सुराबाया येथील तीन चर्चवर हल्ले करणारे एकच कुटुंब होते. त्यांतील मुलांना मृत्यूच्या वाटेवर नेणारे कोणी दूरचे अनोळखी नव्हते. ते त्यांचे जन्मदाते होते. जवळीक म्हणजे सुसंस्कार नव्हे.

उलट उदाहरणही त्याच देशातील आहे. विचारवंत उलिल अब्शार अब्दल्ला यांनी इमाम गझाली यांच्या 'इह्या' या ग्रंथाचे वाचन फेसबुकवरून सुरू केले. क्रोध, मत्सर, गर्व आणि वाणीचे दोष यांची चिकित्सा करणारा हा नऊशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ हजारो श्रोत्यांपर्यंत पोहोचला. पुढे निरनिराळ्या शहरांत त्याचे प्रत्यक्ष मेळावेही भरू लागले. पडद्यावर जुळलेले नाते माणसांच्या मेळ्यात आले, हेच त्यातील मर्म होय.

आमच्या मते कसोटी एकच आहे. शिकविणाऱ्याला प्रश्न विचारता येतो काय, आणि शिकणाऱ्याची चूक दाखविणारे कोणी आहे काय? जेथे दोन्ही आहेत, तेथे साधन कोणतेही असो, चारित्र्य घडू शकते. जेथे केवळ टाळ्या व अनुयायांची मोजदाद आहे, तेथे उन्माद तेवढा वाढतो.

ही कसोटी केवळ मुसलमानांपुरती समजण्याचे कारण नाही. आपल्या घरांतील मुलेही धर्म त्याच पडद्यावर पाहत आहेत. ती काय पाहतात, हे आपण कधी त्यांच्याशेजारी बसून विचारले आहे काय?