संध्याकाळच्या कामाचा कर

दिवसा नोकरी आणि संध्याकाळी एका संस्थेचे हिशेब लिहायचे, असे मी काही वर्षे करतो आहे. संस्था मानधनातून १० टक्के कर कापून घेते. मला वाटले, झाला कर भरून! पण पगार धरून मी २० टक्क्यांच्या टप्प्यात होतो. उरलेला कर व्याजासकट भरताना बायकोच्या भिशीचे पैसे गेले. आता असा कर १० हजार किंवा अधिक होणार असेल, तर जूनपासूनच हप्त्यांनी आगाऊ भरतो. पगारदारांचे सोपे विवरणपत्रही मला चालत नाही. खर्चाचे म्हणाल, तर संस्थेकडे जाण्याचे बसभाडे, वह्या, प्रिंटरची शाई मानधनातून वजा होते, पगारातून नव्हे. घर ते कचेरीचे भाडे मात्र कुठेच बसत नाही. म्हणून संध्याकाळची तिकिटे मी वेगळ्या पाकिटात ठेवतो.