100 चे शून्य, 60 चे 40

मध्य प्रदेशातला पांढुर्णा जिल्हा 5 ऑक्टोबर 2023 ला झाला. ढोबळ अंतरांत पाहिलं, तर त्या दिवशी जिल्हा कचेरीपर्यंतचे पांढुर्णेकरांचे 100 किलोमीटर शून्यावर आले आणि सौंसरकरांचे 60 चे 40 झाले. त्याआधी दोन्ही तहसिली 11,815 चौरस किलोमीटरांच्या छिंदवाडा जिल्ह्यात होत्या. एका पेशीसाठी पांढुर्ण्याचा माणूस सौंसर ओलांडून घाट चढायचा.

दोन्हीकडून सारखीच माणसं कामाला निघतात असं धरू. सरासरी एकेरी प्रवास तेव्हा 80 किलोमीटर होता, आता 20 आहे. मुख्यालय सौंसरला नेलं तरी 20 च. मधोमध एखाद्या माळावर कलेक्टोरेट बांधलं तरी 20! दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर कुठेही बसा, बेरीज तीच. एकाचे वाचतात ते दुसऱ्याच्या पायांवर पडतात. वजन मात्र सारखं नसेल, समजा पांढुर्ण्याकडून 60 माणसं आणि सौंसरकडून 40, तर पांढुर्ण्यात सरासरी 16, मधोमध 20, सौंसरला 24. म्हणजे कचेरी जड बाजूला जावी. मधोमध बसवण्यात न्याय दिसतो, बचत नसते.

नकाशा इथे आणखी एक अडचण करतो. पांढुर्णा दिल्ली–चेन्नई रेल्वेमार्गावर, सौंसर नागपूर–छिंदवाडा मार्गावर. रेल्वेनं एकीकडून दुसरीकडे जायचं तर नागपूर नाही तर आमला फिरून. हातात उरते ती 40 किलोमीटरची सडक.

जागा हलत नसेल तर वार हलवता येतो. मध्य प्रदेशात जनसुनवाई, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी समोर ऐकणं, मंगळवारी असते. महिन्याच्या चारपैकी दोन मंगळवार सौंसरला दिले आणि माणसं आपल्या गावच्या वाराची वाट पाहायला तयार असली, तर हा प्रवास दोन्हीकडे जवळपास शून्य होतो. किंमत पडते ती वेळेत: आठवड्याऐवजी पंधरवडा थांबायचं. खसऱ्याच्या, नामांतरणाच्या तक्रारीला ते परवडतं; तसल्या तक्रारी पंधरवड्यांत नाही, वर्षांत मोजल्या जातात. अडलेल्या बाळंतिणीला परवडत नाही. तिच्यासाठी डॉक्टर, रक्त आणि अँब्युलन्स फिरत्या वारावर ठेवता येत नाहीत. ते दोन्ही गावांत रोज हवेत, एका जागी थोडे रिकामे बसले तरी.

तेव्हा अधिकाऱ्यांचे वार वाटा, दवाखान्याचे वाटू नका.