सर्दीच्या संयुक्त औषधांविषयी खबरदारी

परागकण, घरातील धूळ अथवा बुरशी यांच्या संपर्काने नाकाच्या अंतस्त्वचेत हिस्टामिन नामक द्रव्य स्रवू लागले, म्हणजे शिंका, खाज व पाणी गळणे सुरू होते. त्यावरील संयुक्त गोळीतला क्लोरफेनिरामिनसारखा एक घटक त्या द्रव्याचा प्रभाव रोखतो, तर फेनिलेफ्रिनसारखा दुसरा घटक नाकातील फुगलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करून श्वासमार्ग मोकळा करू पाहतो. परंतु हे आकुंचन केवळ नाकापुरते मर्यादित राहत नसल्यामुळे, ज्यांना उच्च रक्तदाब, हृद्रोग, काचबिंदू, थायरॉइडचा अतिरेक अथवा प्रोस्टेट ग्रंथीची वाढ असेल, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज ही गोळी घेऊ नये; शिवाय पहिल्या घटकाने गुंगी येते, सबब ती घेतल्यावर वाहन चालविणे व मद्यपान सर्वथा वर्ज्य समजावे. वेष्टनावरील बारीक अक्षरांत पुष्कळदा पॅरासिटामॉलचेही नाव आढळते, आणि तापासाठी त्याचीच निराळी गोळी घेणाऱ्याच्या पोटात नकळत दुप्पट मात्रा जाते. चार वर्षांखालील मुलांना क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण देऊ नये, अशी ताकीद वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. आठवडाभरात आराम न पडल्यास गोळ्या वाढवू नयेत, डॉक्टरांना दाखवावे.